इंदूमावशीचा बोल्ट

इंदूमावशीची माझी पहिली ओळख झाली ती तिच्या पायांशी. लोणावळ्याच्या बँकेत माझी बदली झाली होती आणि भाज्यात एक खोली भाड्यानं मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मळवली स्टेशनवरून चालत मी तिच्या फाटकापाशी आले. अंगणात एक जुनी पांढरी मोटार उभी होती आणि मोटारीखालून दोन पाय बाहेर आले होते. टाचांना भेगा, बोटांत जोडवी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

"कोण हाय?" मोटारीच्या पोटातून आवाज आला.

"खोली बघायला आलेय."

"मग बघ की. दार उघडंच हाय. मी आल्ये वाईच. हात तेलात हाईत."

खोली बघून मी बाहेर आले तेव्हा ती दगडी पायरीवर बसून हात धूत होती. लुगड्यावर नवऱ्याचा जुना निळा शर्ट चढवलेला. हात धुणं म्हणजे नुसतं खळबळणं नव्हे. साबण लावून कोपरापर्यंत, नखं नखांवर घासून, मग हात वर धरून पाणी कोपराकडून गळू द्यायचं. मला ते ओळखीचं वाटलं, पण कुठं बघितलंय ते लक्षात येईना. तिनंच सांगितलं. सगळा जन्म सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून गेला होता. भाजे, पाटण, देवले आणि वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्या तिनं पायी तुडवल्या होत्या. पाठीवर लशीचा डबा, हातात छत्री.

"आता पायांचं लय झालं," ती म्हणाली. "आता चाकांचं."

खोली मला मिळाली. अट एकच होती, तिला विचारल्याशिवाय गाडीजवळ काही ठेवायचं नाही.

गाडी तिनं निवृत्तीनंतर घेतली, वापरलेली. गाडी चालवायलाही ती त्यानंतरच शिकली. तळेगावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती गेली तेव्हा शिकवणाऱ्या मुलानं तिच्या मागं बघितलं आणि विचारलं, "आजी, शिकणार कोण?"

"तू शिकणार," मावशी म्हणाली. "म्हातारीला कसं शिकवायचं ते."

हा किस्सा ती स्वतः कधी सांगायची नाही. सांगायचे ते तिचे यजमान, आबा. आबा रेल्वेत होते, रुळांच्या देखभालीवर. बोलायला मऊ, चालायला सावकाश आणि बायकोच्या बाबतीत एकाच वेळी अभिमानी आणि घाबरलेले. आपल्या घरी मोटार आहे हे त्यांना आवडायचं, पण ती मोटार सुरू झाली की ते मागच्या सीटवर बसून डोळे मिटायचे.

रिव्हर्स घ्यायला ती बुद्धविहाराशेजारच्या पटांगणात शिकली. विटा उभ्या करायच्या आणि त्यांच्यामधून गाडी मागं काढायची. वीट पडली की खाली उतरून ती उभी करायची, पुन्हा बसायचं. त्या विटांचा उपयोग काय झाला ते मी एका रविवारी डोळ्यांनी बघितलं. पावसाळ्यात रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांमुळं भाज्यात पाय ठेवायला जागा नसते. लेण्यांखालच्या अरुंद रस्त्यावर एक भलीमोठी गाडी आडवी अडकली होती. पुढं टेम्पो, मागं मोटारसायकलींची रांग आणि सगळे हॉर्न एका सुरात. चालवणारा तरुण घामाघूम झाला होता. मावशी आपल्या गाडीतून उतरली, त्याच्यापाशी गेली आणि नुसता हात पुढं केला. का कोण जाणे, त्यानं तिच्या हातावर किल्ली ठेवली. तिनं मान मागं वळवली आणि एका दमात ती गाडी भिंतीच्या अगदी जवळून, पण न लागता, मागं नेऊन उभी केली. किल्ली परत देताना म्हणाली, "गाडी मोठी घेतलीस, बेस केलंस. आता मान पण वळवायला शीक."

तो पोरगा हसला आणि वाकून तिच्या पाया पडला. हॉर्न थांबले.

दुरुस्तीचा नाद तिला वैतागातून लागला. हायवेकडच्या एका गॅरेजवाल्यानं तिची गाडी "उद्या देतो, मावशी" म्हणत कितीतरी दिवस ठेवून घेतली होती. ती रोज जाऊन तिथं स्टुलावर बसायची. भांडायची नाही, नुसती बघायची. कोणता पाना कुठं लागतो, काय आधी सुटतं, काय शेवटी बसतं. गाडी मिळाली तोवर तिचं अर्धं शिक्षण झालं होतं. उरलेलं मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघून. आधी ऑइल बदलायला लागली, मग प्लग, मग पंख्याचा पट्टा. तिची तऱ्हा मात्र गॅरेजची नव्हती, दवाखान्याची होती. पाने एका स्टीलच्या ट्रेमध्ये पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडायची. काढलेला प्रत्येक नट वेगळ्या वाटीत. आणि काम करताना तोंडात लवंग. अवघड काही आलं की म्हणायची, "घाबरलं तरी चालतंय. घाई करायची न्हाई." बाळंतपणं करताना बायकांना ती हेच सांगत असणार.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता गाडीचे ब्रेक ओरडायला लागले. उतारावर पाय दाबला की पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज. मावशीनं गाडी उभी केली आणि झिजलेले ब्रेक पॅड बदलायचे ठरवले. पण आबांना राहवलं नाही. त्यांनी मुलाला फोन केला.

प्रशांत चाकणला एका कारखान्यात होता. माल तपासायचं काम, म्हणजे दिवसभर चुकाच शोधायच्या. सरळ, प्रेमळ मुलगा, पण आईच्या गाडीवर त्याचा कधीच जीव नव्हता. संध्याकाळी त्याचा फोन आला. मावशीनं तो स्पीकरवर टाकला होता, आणि माझ्या खोलीची खिडकी तिच्या अंगणातच उघडायची.

"आई, बाकी काय करायचं ते कर. ब्रेक म्हणजे खेळ नाही."

"मी कुटं खेळ म्हणले?"

"एक गिऱ्हाईक आहे माझ्याकडं. रविवारी त्याला घेऊन येतो. गाडी देऊन टाकू. तुला कुठं जायचं असेल तर मी येत जाईन."

"तू येशील. तुला सवड मिळंल तवा."

 मग मावशीच म्हणाली, आवाज न चढवता, "असं कर. रविवारी ये. तवर मी ब्रेक केलं तर तू सोता तपासायचं. तुला पटलं तर गाडी राहील. माझ्याच्यानं न्हाई झालं तर चावी तुझी. शबूद."

"शब्द?"

"व्हय, शबूद."

फोन ठेवल्यावर आबा म्हणाले, "अगं, शबूद कशाला दिलास?"  मावशीनं ट्रेमधलं फडकं धुवायला घेतलं.

शनिवारी बँकेला सुट्टी होती. सकाळी अंगणात आले तर गाडीचं पुढचं चाक निघालेलं. मागच्या चाकांना दगड लावलेले, जॅकबरोबर खाली लाकडी ठोकळेही रचलेले. चाकाच्या जागी लोखंडी चकती दिसत होती आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा कॅलिपर. तो दोन बोल्टांवर बसलेला असतो. वरचा बोल्ट निमूटपणे निघाला आणि वाटीत जाऊन पडला. खालचा हलेना. तो निघाल्याशिवाय पॅड बाहेर येणार नव्हते.

"गंजलाय," मावशी म्हणाली. "आपल्याकडला पाऊस लोखंडात शिरतो."

तिनं तारेच्या ब्रशनं तो घासला, गंज सोडवणारं तेल मारलं, पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. पाना सटकला. तिची बोटं चकतीवर आपटली आणि दोन बोटांची सालटं निघाली. रक्त पुसून तिनं बॅटरीच्या उजेडात बोल्टाचं डोकं बघितलं. ते सहा कोनांचं असतं. पण आधी कुणीतरी चुकीचा पाना लावून कोन निम्मे खाल्लेले होते, उरलेले आत्ता गेले. डोकं सुपारीसारखं गुळगुळीत झालं होतं.

 मावशीनं लवंग तोंडात टाकली.

तिनं तेल पुन्हा मारलं, हातोडीनं हलके हलके टिचक्या दिल्या, म्हणजे तेल आत उतरेल. जेवायला गेली. परत आली. दात असलेली, एकदा आवळली की तशीच धरून बसणारी पक्कड लावली. पक्कड फिरली, बोल्ट नाही. लोखंडाचा चुरा तेवढा पडला. आबांनी दोघा मेकॅनिकांना फोन केले. एक म्हणाला, मंगळवारच्या आधी येत नाही. दुसरा म्हणाला, गॅसची ज्योत धरा, निघेल.

"त्येला सांगा," मावशी गाडीपाशी बसूनच बोलली, "तितं ब्रेकचं ऑइल हाय आन् रबर हाय. ज्योत धरायला तो येनार हाय का?"

दुपार कलायला लागली. लेण्यांकडे जाणाऱ्यांची गर्दी फाटकाबाहेरून वाहत होती, आत डोकावून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "आजी, मेकॅनिकला बोलवा." मावशी उठली आणि पायरीवर येऊन बसली. हात न धुता बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते. आबा चहा घेऊन आले, तिच्या शेजारी बसले.

"इंदू," ते म्हणाले. इतर वेळी ते तिला नावानं हाक मारत नसत. "सोड आता. लय केलंस."

ती चहाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अवो, उभ्या नोकरीत मी किती चालले आसंन? पार लोहगडाच्या कुशीपत्तूर. पन एकदा तरी माझ्या मनानं चालले का? ज्या वाडीला धाडलं त्या वाडीला. ही गाडी हाय ना, ही पैली वस्तू हाय. मी म्हणंन तिकडं वळती."

 आबा उठून घरात गेले. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. पण ते परत आले ते हातात एक कानस घेऊन. त्यांच्या रेल्वेच्या दिवसांतली, लाकडी मुठीची.

"डोकं गोल झालंय ना?" ते म्हणाले. "मग त्येला परत चपटं कर."

मावशीनं कानशीकडं बघितलं, मग आबांकडं. चहा तसाच ठेवून ती उठली.

आधी तिनं स्टिअरिंग पूर्ण वळवलं, त्यामुळं बोल्ट आतल्या अंधारातून बाहेर उजेडात आला. "हे सकाळीच सुचाया पायजे हुतं," असं स्वतःलाच म्हणाली आणि खाली पोतं टाकून आडवी झाली. कानस चालवायला जेमतेम चार बोटं जागा होती. इकडून घास, तिकडून घास. खर्र, खर्र. मधे थांबून बोटानं चाचपायची. खर्र, खर्र. फाटकाबाहेरची माणसं थांबून बघायला लागली. शेजारची बायका-माणसं आत आली. कुणी विडी विझवली, कुणी पोराला गप्प केलं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबतात तशी सगळी थांबली होती.

सुपारीला दोन्ही अंगांनी सपाट गाल आले. मग तिनं ट्रेमधल्या गोट्या तपासल्या. गोटी म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना. डोक्याला किंचित लहान होईल अशी एक निवडली, ती बोल्टावर ठेवली आणि हातोडीनं ठोकून घट्ट बसवली. दांडा लावला. दांड्यावर आबांनी नळाचा लोखंडी पाइप चढवला, जोर वाढावा म्हणून. मला म्हणाली, "मेघा, गोटी सरळ धर. तिरकी झाली तर बोल्टाची मान मोडंल. मग संपलं."

मी धरली. 

पहिला जोर तिनं उलटा दिला, बोल्ट आवळायच्या दिशेनं. "आधी वाईच आत. गंज तुटू दे." मग दिशा बदलली. पाइप धरला, पाय रोवले, डोळे मिटले आणि हळूहळू भार टाकत गेली. झटका नाही, नुसता वाढत जाणारा भार. पाइप वाकतोय असं वाटलं.

कट्!

मावशी तशीच थांबली.  तो आवाज बोल्ट सुटल्याचा होता की तुटल्याचा, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं पाइप बाजूला केला, दांडा दोन बोटांत धरला आणि जरासा फिरवला.

तो फिरला. गोटीबरोबर बोल्टाची मानही फिरली. आटे किरकिरत, लाल पूड सांडत एक एक करून बाहेर यायला लागले.

"आला!" मावशी ओरडली. "आला गं बाई, आला!"

अंगणात एकच गलका झाला. फाटकाबाहेरच्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मघाशी मेकॅनिकला बोलवा म्हणणारा माणूस सगळ्यांत जोरात वाजवत होता. आबांनी डोळे पुसले आणि लोकांना सांगायला लागले, "कानस माझी हाय. रेल्वेची." मावशीनं बोल्ट वाटीत टाकला, टण्णकन आवाज झाला, आणि ती कोपरापर्यंत हात धुवायला गेली.

नवा बोल्ट आणायचं काम माझ्याकडं आलं. जुना कागदात गुंडाळून मी लोकल पकडली आणि लोणावळ्याच्या बाजारातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं कागद उघडला, बोल्ट उलटासुलटा करून बघितला.

"हा काढला कुणी?"

"आमच्या मावशीनं. घरी."

"घरी?" त्यानं गड्याला हाक मारली. "अरे, बघ जरा इकडं. कानशीनं गाल पाडलेत." दोघंही बराच वेळ बघत राहिले. मग त्यानं नवा बोल्ट दिला आणि म्हणाला, "जुना ठेवून जाता का? पोरांना दाखवीन."

मी नाही म्हटलं. मावशीला विचारल्याशिवाय कसा देणार?

रविवारी सकाळी मावशीनं सगळं परत बसवलं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून ग्रीस लावलं, नवे पॅड घातले, नवा बोल्ट आवळला. उजव्या चाकाचेही पॅड बदलले. ते बोल्ट मुकाट निघाले. मग गाडीत बसून ब्रेक दाबत राहिली, पायाखाली टणक लागेपर्यंत. पटांगणात फेऱ्या मारल्या, सावकाश, मग जरा वेगानं. आवाज नव्हता.

प्रशांत आला तेव्हा ती पायरीवर पेरू कापत बसली होती. गिऱ्हाईक मागाहून येणार होतं. प्रशांतनं बूट काढले, पँट वर खेचली, बॅटरी घेतली आणि दोन्ही चाकांशी उकिडवा बसला. एकेक बोल्ट पान्यानं तपासला. रबरी पाइप बोटांनी चाचपला. ऑइलची पातळी बघितली. चूक सापडत नाही म्हणून जराशी नाराजी आणि सापडू नये असंही वाटणं, दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"नुसतं बघून कळनार न्हाई," मावशी म्हणाली. "बस."

आम्ही सगळेच बसलो. लोहगडाकडं जाणारा घाटरस्ता तिनं धरला. तो चढ भल्याभल्या गाड्यांना धाप लावतो. वर जाऊन तिनं गाडी वळवली आणि उतार सुरू झाला. प्रशांतनं दारावरची मूठ पकडली. आबांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. एका वळणावर अचानक समोरून मोटारसायकल आली, तिघं बसलेली, रस्त्याच्या मधोमध. मावशीनं ब्रेक दाबला. गाडी एका रेषेत, हूं की चूं न करता, जागच्या जागी उभी राहिली. मोटारसायकलवाले ओशाळून कडेनं निघून गेले.

 खाली दरीत धुकं फाटत होतं. प्रशांतच्या हातातली मूठ सुटली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक मळवलीला पोचलं होतं. प्रशांतनं आईकडं बघितलं. ती समोर रस्त्याकडं बघत होती, हात स्टिअरिंगवर, सालटं गेलेल्या बोटांना हळद लावलेली.

"न्हाई ओ," प्रशांत फोनवर म्हणाला, आणि शहरात राहून घासलेली त्याची भाषा एकदम गावची झाली. "गाडी विकायची न्हाई. तुमाला उगा हेलपाटा पडला. काय म्हनता? ब्रेक? ब्रेक लय भारी हाईत. माझ्या आईनं केलेत."

मावशीनं गिअर टाकला. ती हसली नाही, पण उतरताना घरापर्यंत गुणगुणत होती.

माझी बदली पुढं पुण्याला झाली आणि भाजं सुटलं. फोनवर बोलणं व्हायचं, भेट होत नव्हती. मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी लोणावळ्याहून एस.टी.नं येताना सोमाटण्याच्या चौकात सिग्नलला बस थांबली. शेजारी एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. आत चार बायका, सगळ्या साठी ओलांडलेल्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. मांडीवर डबे, मागं काचेपाशी पिशव्यांचा ढीग. गाडी चालवत होती इंदूमावशी, डोळ्यांना काळा चष्मा.

मी खिडकीतून हाक मारली. तिनं चष्मा वर केला, काच खाली घेतली.

"मेघे! कुटं निघालीस?"

"पुण्याला! आणि तू?"

"रत्नागिरीला!" ती ओरडली. "ह्या सगळ्या माझ्यासंगट नोकरीला हुत्या. एकीनं बी अजून समुद्र बघितला न्हाई!"

मागच्या तिघींनी मला हात केले, ओळख नसताना. सिग्नल हिरवा झाला. आमच्या ड्रायव्हरनं गिअर टाकायच्या आत पांढरी गाडी सुटली होती. चौकातून तिनं ऐटीत पुढं झेप घेतली, एक कंटेनर मागं टाकला, खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला, आणि सकाळच्या उन्हात सरळ रस्त्यावर ती लहान लहान होत गेली.